बदलती चिंता, बदलते नौदल

लातूर जिल्ह्यातील चाकूर हे तालुक्याचे गाव बालाघाटच्या पठारावर, कोकण किनाऱ्यापासून सरळ रेषेत 400 किलोमीटरांहून अधिक आत वसलेले आहे. तेथे सीमा सुरक्षा दलाचे प्रशिक्षण केंद्र असले, तरी नौदल हा विषय मराठवाड्यात सहसा मुंबईकरांचा आणि कोकणवासीयांचा मानला जातो. प्रत्यक्षात भारताच्या सागरी सुरक्षेच्या इतिहासातील एका निर्णायक वळणावर चाकूरचे नाव येते, कारण 2004 ते 2008 या काळात देशाचे गृहमंत्री असलेले शिवराज पाटील चाकूरकर मूळचे याच गावचे. त्यांच्या कारकिर्दीत किनाऱ्यावरील पोलिसांना समुद्राकडे वळवणारी पहिली देशव्यापी योजना सुरू झाली आणि त्याच कारकिर्दीच्या अखेरीस, समुद्रमार्गे आलेल्या दहा जणांनी मुंबईत घडवलेल्या संहारानंतर, 30 नोव्हेंबर 2008 रोजी त्यांनी पदाचा राजीनामा दिला.

एखाद्या राष्ट्राला कोणत्या काळी कोणाची धास्ती वाटत होती, हे त्याच्या नौदलाच्या रचनेवरून बऱ्याच अंशी ओळखता येते. मात्र ही ओळख नेहमी थोडी उशिराची असते. आराखड्यापासून सेवेत दाखल होईपर्यंत लढाऊ नौकेला दहा वर्षे सहज लागतात आणि पुढे ती तीस-तीस वर्षे वापरात राहते, तर राष्ट्राची चिंता एका रात्रीत बदलू शकते. ब्रिटिश नौदलात 1959 साली ‘हर्मीस’ या नावाने दाखल झालेली विमानवाहू नौका 1982 साली फॉकलंडच्या युद्धात लढली, 1987 साली ‘विराट’ होऊन भारताकडे आली आणि 2017 साली निवृत्त झाली. एवढ्या काळात ब्रिटनचे साम्राज्य आटोपले, सोव्हिएत संघ विरघळला आणि भारताचे शेजारीही पूर्वीचे राहिले नाहीत. म्हणून कोणत्याही नौदलात आजच्या भयाशेजारी कालची भयेही नांगर टाकून उभी असतात.

मराठ्यांच्या आरमाराची घडणही या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. 1657 साली कल्याण-भिवंडी हाती आल्यावर शिवाजी महाराजांनी तेथील खाड्यांमध्ये जहाजबांधणी सुरू केली, तेव्हा समोर जंजिऱ्याचा सिद्दी होता आणि आपला परवाना घेतल्याशिवाय कोणाच्याही गलबताला सुखाने व्यापार करू न देणारे पोर्तुगीज होते. त्यामुळे हे आरमार उथळ पाण्यात वावरणाऱ्या, खाडीत शिरून किल्ल्याच्या आश्रयाला जाऊ शकणाऱ्या गुराबा आणि गलबते यांचे झाले. महासागर ओलांडण्याची गरजच नसल्याने तशी जहाजे बांधली गेली नाहीत, आणि हा त्या आरमाराचा दोष म्हणून सांगण्याची जी रीत पडली आहे ती फारशी न्याय्य नाही. खरा दोष पुढचा आहे. 1756 साली नानासाहेब पेशव्यांनी इंग्रजांची मदत घेऊन विजयदुर्गावर तुळाजी आंग्र्यांचा पाडाव केला आणि आंग्र्यांची जहाजे तेथेच जळाली. पुण्याच्या दरबाराची नजर तेव्हा जमिनीवरच्या सत्तास्पर्धेवर होती. किनाऱ्यावरचे आरमार त्याला स्वतःच्या संरक्षणाचे साधन न वाटता बंडखोर सरदाराचे बळ वाटले.

समुद्रच नसलेल्या सत्तेला समुद्राची किंमत अधिक लवकर कळते, याचा दाखला मराठवाड्यातच आहे. हैदराबाद संस्थान चारही बाजूंनी भूप्रदेशाने वेढलेले होते. ब्रिटिश गेल्यावर स्वतंत्र राहण्याची स्वप्ने पाहणाऱ्या निजामाच्या सरकारने पोर्तुगीजांच्या ताब्यातील मार्मागोवा बंदर मिळवण्यासाठी खटपट केली होती, कारण स्वतःचे बंदर नसेल तर शस्त्रांपासून मिठापर्यंत सारे भारताच्या मर्जीवर अवलंबून राहणार होते. सप्टेंबर 1948 मधील भारताच्या लष्करी कारवाईने तो प्रश्नच संपवला.

स्वतंत्र भारताचे संरक्षणविषयक लक्ष फाळणीमुळे आणि पुढे 1962 च्या चीन युद्धामुळे जमिनीवरील सीमांकडेच राहिले आणि नौदलाच्या वाट्याला निधीही बेताचाच आला. 1965 च्या युद्धात पाकिस्तानी नौकांनी द्वारकेवर तोफा डागल्या. नुकसान किरकोळ होते, परंतु पोरबंदरच्या अक्षांशाच्या उत्तरेला जाऊ नये अशा आदेशांनी बांधलेल्या भारतीय नौदलाच्या ते फार जिव्हारी लागले. त्यानंतर सोव्हिएत संघाकडून ज्या क्षेपणास्त्र नौका घेतल्या गेल्या, त्या मुळात स्वतःच्या बंदराच्या रक्षणासाठी होत्या: आकाराने लहान, अतिशय वेगवान, पण एका दमात फार दूर जाऊ न शकणाऱ्या. बचावाचे हे साधन हल्ल्यासाठी वापरण्याची कल्पना भारतीय अधिकाऱ्यांची होती. या नौका मोठ्या नौकांनी दोरखंडाने ओढत शत्रूच्या दिशेने न्यायच्या आणि शेवटचे अंतर त्यांनी स्वतःच्या वेगाने कापायचे, अशी ती युक्ती. 4 डिसेंबर 1971 च्या रात्री ‘निपात’, ‘निर्घात’ आणि ‘वीर’ या तीन नौकांनी कराचीसमोर जो मारा केला, त्यात ‘खैबर’ ही विनाशिका बुडाली. 4 डिसेंबर हा नौदल दिन त्यावरूनच ठरला.

युद्ध जिंकले आणि धास्तीचे स्वरूप बदलले. फेब्रुवारी 1974 मध्ये मुंबईजवळच्या समुद्रात ‘सागर सम्राट’ या जहाजाने तेल शोधले. 1976 च्या कायद्याने किनाऱ्यापासून 200 सागरी मैल, म्हणजे सुमारे 370 किलोमीटरपर्यंतच्या समुद्रातील संपत्तीवर भारताने हक्क सांगितला. या पट्ट्याला अनन्य आर्थिक क्षेत्र म्हणतात. त्याच काळात पश्चिम किनाऱ्यावर सोन्याची आणि परदेशी मालाची तस्करी जोरात होती. तस्कराच्या होडीमागे विनाशिका पाठवणे म्हणजे सगळाच आतबट्ट्याचा व्यवहार. यावर उपाय सुचवण्यासाठी नेमलेल्या समितीचे अध्यक्ष होते के. एफ. रुस्तमजी, नागपूरजवळच्या कामठीत जन्मलेले आणि सीमा सुरक्षा दलाचे पहिले प्रमुख. जमिनीच्या सरहद्दीसाठी स्वतंत्र दल उभारणाऱ्या या पोलिस अधिकाऱ्याने समुद्रासाठीही तसाच मार्ग सुचवला आणि त्यातून तटरक्षक दल जन्माला आले. 1977 साली अंतरिम स्वरूपात, 1978 साली कायद्याने.

तस्करांची वाट आणि दहशतवाद्यांची वाट एकच आहे, हे 1993 साली उघड झाले. 12 मार्चच्या मुंबई स्फोटांसाठी लागलेली स्फोटके रायगड जिल्ह्यात दिघी आणि शेखाडी येथे उतरवली गेली होती, आणि सीमाशुल्क व पोलिस खात्यातील काही जणांचा त्यातील सहभाग पुढे न्यायालयात सिद्ध झाला. या घटनेनंतर नौदल, तटरक्षक दल आणि सीमाशुल्क विभाग यांनी महाराष्ट्र व गुजरातच्या किनाऱ्यावर संयुक्त गस्त सुरू केली. 2005 मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाने किनारा सुरक्षा योजना हाती घेतली, जिच्या पहिल्या टप्प्यात किनारी राज्यांसाठी 73 सागरी पोलिस ठाणी आणि 204 बोटी मंजूर झाल्या. धोका ओळखला गेला नव्हता, असे म्हणूनच म्हणता येत नाही. अडचण अशी होती की खोल समुद्र नौदलाचा, त्याअलीकडचा तटरक्षक दलाचा, किनारा पोलिसांचा, बंदर सीमाशुल्काचा आणि मासेमारीची नौका मत्स्यव्यवसाय खात्याची, अशी वाटणी होती आणि या सर्वांवर मिळून उत्तरदायी कोणीच नव्हते. बोटी आल्या, पण त्या चालवणारे तांडेल आणि खलाशी पोलिस दलात कुठून आणायचे, हा प्रश्न अनेक ठिकाणी लोंबकळत राहिला.

नोव्हेंबर 2008 हा महिना या दृष्टीने बारकाईने वाचावा असा आहे. त्या सुमारास भारतीय नौदलाने एडनच्या आखातात चाचेगिरीविरुद्ध गस्त सुरू केली होती आणि 18 नोव्हेंबरला ‘तबर’ या नौकेने चाच्यांचे मुख्य जहाज समजून एक जहाज बुडवले. ते चाच्यांनी पळवलेले थायलंडचे मासेमारी जहाज होते, असे नंतर त्याच्या मालकाने सांगितले. पाच दिवसांनी, 23 नोव्हेंबरला, कराचीहून निघालेल्या दहशतवाद्यांनी पोरबंदरची ‘कुबेर’ ही मासेमारी नौका ताब्यात घेतली आणि तिच्या आडोशाने ते मुंबईपर्यंत आले. शेकडो मच्छीमार नौकांमध्ये ती वेगळी दिसण्याचे काही कारण नव्हते. 26 तारखेच्या रात्री ते रबरी होडीतून कफ परेडजवळच्या मच्छीमार वस्तीत उतरले, तेव्हा त्यांना हटकले ते तेथील रहिवाशांनी. किनाऱ्यावर दुसरा पहारा नव्हता. पुढे 166 जणांचे प्राण गेले. शत्रूच्या विनाशिका आणि पाणबुड्या शोधण्यासाठी सिद्ध केलेल्या दलापुढे आता नौका शोधण्यापेक्षा ती कोणाची आहे हे ओळखण्याचा प्रश्न उभा होता.

फेब्रुवारी 2009 मध्ये केंद्र सरकारने किनाऱ्यासह संपूर्ण सागरी सुरक्षेची जबाबदारी नौदलाकडे सोपवली आणि किनाऱ्यापासून 12 सागरी मैलांपर्यंतच्या प्रादेशिक समुद्राची जबाबदारी तटरक्षक दलाकडे दिली. नौदलात ‘सागर प्रहरी बल’ हे वेगवान लहान बोटींचे दल उभे राहिले, किनाऱ्यावर रडारची साखळी बसली आणि या सर्वांची माहिती एकत्र करणारे केंद्र गुरुग्राम येथे 2014 मध्ये सुरू झाले. मासेमारी नौकांची नोंदणी सक्तीची झाली, राज्यनिहाय रंग ठरले, मच्छीमारांना ओळखपत्रे मिळाली. 20 मीटरांहून लांब नौकांना आपली ओळख व जागा आपोआप कळवणारे यंत्र बसवणे बंधनकारक झाले. पण कोकणातल्या बहुसंख्य नौका त्याहून आखूड आहेत आणि ‘कुबेर’सारखी चाल पुन्हा कोणी खेळलाच, तर तो मोठी नौका निवडेल असे मानण्याचे कारण नाही.

किनाऱ्याची चिंता अशी जवळ येत असतानाच दुसरी चिंता दूर जात होती. चाच्यांच्या निमित्ताने चीनच्या युद्धनौका डिसेंबर 2008 पासून हिंदी महासागराच्या पश्चिम भागात सातत्याने येऊ लागल्या. 2017 मध्ये जिबुती येथे चीनचा तळ सुरू झाला आणि त्याच वर्षी श्रीलंकेचे हंबनटोटा बंदर 99 वर्षांच्या कराराने चिनी कंपनीकडे गेले. भारतीय नौदलानेही त्याच सुमारास मलाक्काच्या सामुद्रधुनीपासून पर्शियन आखातापर्यंतच्या मोक्याच्या जागी नौका कायम तैनात ठेवण्याची पद्धत स्वीकारली. मार्च 2024 मध्ये ‘कोलकाता’ या विनाशिकेने ‘रुएन’ हे पळवलेले मालवाहू जहाज सोडवून 35 चाचे मुंबई पोलिसांच्या हवाली केले, ते याच धोरणाचे फळ. ‘विक्रांत’ ही देशात बांधलेली विमानवाहू नौका सप्टेंबर 2022 मध्ये दाखल झाली, तीही मुख्यतः या दूरच्या समुद्रासाठी.

हे दूरचे समुद्र लातूरच्या बाजाराला मात्र अजिबात दूरचे नाहीत. भारताचा परदेशव्यापार वजनाच्या हिशेबाने सुमारे 95 टक्के समुद्रमार्गे होतो. लातूरच्या आडतीत तुरीचा भाव ठरताना मोझांबिक आणि म्यानमारमधून किती तूर येणार, याची चर्चा असतेच. मोझांबिकशी तर 2016 मध्ये सरकारी पातळीवर तुरीच्या आयातीचा करार झाला. सोयाबीनच्या भावावर मलेशिया-इंडोनेशियातून येणाऱ्या पाम तेलाचे सावट असते आणि पोटॅश खत तर जवळजवळ सगळेच आयात होते. 2023 च्या अखेरीस हुथी बंडखोरांनी तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू केले, तेव्हा अनेक मालवाहू जहाजे आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली आणि प्रवासाबरोबर भाडेही वाढले. मार्च 2019 मध्ये ‘इदाई’ वादळाने मोझांबिकचे बैरा शहर उद्ध्वस्त केले, त्या वेळी भारतीय नौदल आणि तटरक्षक दलाच्या नौका मदतीला गेल्या होत्या. अशा मदतीत माणुसकी असते, तशीच ज्या किनाऱ्यावरून डाळ येते तेथे आपले नाव चांगले राहावे ही दूरदृष्टीही असते; परराष्ट्र व्यवहारात या दोन गोष्टी वेगळ्या काढता येत नाहीत.

आता पालघर जिल्ह्यात डहाणूजवळ वाढवण येथे देशातील सर्वांत मोठ्या बंदरांपैकी एक उभारले जात आहे. ऑगस्ट 2024 मध्ये त्याची पायाभरणी झाली आणि स्थानिक मच्छीमारांचा त्याला दीर्घकाळ विरोध राहिला आहे. हे बंदर पूर्ण झाल्यावर अजस्र कंटेनर जहाजे आणि लहान मासेमारी नौका एकाच पाण्यात वावरतील. 2009 नंतरच्या व्यवस्थेत मच्छीमाराला सागरी सुरक्षेचे डोळे आणि कान मानले गेले आहे, कारण कोणती नौका आपली आणि कोणती परकी हे रडारआधी त्याला कळते. त्याचे मासेमारीचे क्षेत्र आक्रसले, त्याची नाराजी वाढली आणि तो त्या पाण्यातून हटला, तर ती उणीव कोणते यंत्र भरून काढणार, हा प्रश्न बंदराच्या आराखड्याइतकाच संरक्षणाच्या आराखड्यातही यायला हवा.