मोटारीतील मुलाचे आसन : निवड आणि जुळणी

गेल्या दोन दशकांत राज्यातील रस्त्यांचे रूप पालटले आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्णपणे वाहतुकीस खुला झाला. नागपूर व मुंबई यांना जोडणारा ७०१ किलोमीटर लांबीचा समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ रोजी पूर्णत्वास गेला. प्रवासाचा वेळ कमी झाला, तसा वाहनांचा वेगही वाढला. सुट्टीत किंवा गणपतीला गावी निघालेल्या मोटारीत मात्र सहा-सात वर्षांचे मूल अजूनही पुढील दोन आसनांच्या मधल्या फटीत उभे असते, नाही तर आजीच्या मांडीवर बसलेले असते. या मुलाची सुरक्षितता कशावर अवलंबून असते, हे प्रत्येक पालकाने समजून घेणे अगत्याचे आहे.

ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार आदळून थांबते, तेव्हा आतील माणसे त्याच वेगाने पुढे फेकली जातात. हा आघात सुमारे १० मीटर उंचीवरून, म्हणजे साधारण तिसऱ्या मजल्यावरून पडण्याइतका असतो. मोटार सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, तर २० किलो वजनाच्या मुलाला धरून ठेवण्यास सुमारे २८० किलो वजन पेलण्याइतके बळ लागते. मायेने आवळून धरलेले हातही येथे अपुरे पडतात.

कायदा आणि शरीर

मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये झालेल्या सुधारणेने कलम १९४-ब समाविष्ट करण्यात आले. ते १ सप्टेंबर २०१९ पासून अमलात आले. चौदा वर्षांखालील मूल सुरक्षापट्ट्याने किंवा बालसुरक्षा आसनाने बांधलेले नसेल, तर वाहन चालविणारा, तसेच ते चालवू देणारा १,००० रुपयांच्या दंडास पात्र ठरतो, अशी तरतूद या कलमात आहे.

या तरतुदीतील 'किंवा' हा शब्द बारकाईने वाचावयास हवा. सहा वर्षांच्या मुलाला मोटारीचा नेहमीचा पट्टा लावला, तर कायद्याची अट पूर्ण होते. परंतु मुलाचे संरक्षण पूर्ण होतेच असे नाही. मोटारीचा पट्टा प्रौढ माणसाच्या मापाचा असतो. त्याचा खालचा भाग कमरेच्या मजबूत हाडांवर आणि वरचा भाग खांद्याच्या मध्यावर टेकावा, अशी त्याची रचना असते. लहान मुलाच्या कमरेची हाडे पुरेशी वाढलेली नसतात. त्यामुळे धडकेच्या वेळी खालचा पट्टा वर सरकून पोटात रुततो. यकृत, प्लीहा, आतडी व पाठीचा कणा यांना इजा होऊ शकते. वरचा पट्टा मानेला काचतो, म्हणून मूल तो काखेखाली किंवा पाठीमागे सारते. मग छातीला आधारच उरत नाही.

बूस्टर सीट काय करते

ही उणीव भरून काढण्यासाठी बूस्टर सीट, म्हणजे मुलाला उंचावणारे आसन, वापरण्यात येते. तीन बिंदूंवर अडकणारा आधुनिक पट्टा स्वीडनच्या व्होल्वो कंपनीतील अभियंते नील्स बोलिन यांनी १९५९ मध्ये सिद्ध केला. तो मुलांच्या अंगाला नीट बसावा म्हणून याच कंपनीने १९७० च्या दशकात बूस्टर आसन आणले. या आसनाला स्वतःचे पट्टे नसतात. ते मुलाला उंच बसविते आणि बाजूच्या खाचांमधून मोटारीचाच पट्टा योग्य मार्गाने नेते. उशी किंवा घडी घातलेली गोधडी हे काम करू शकत नाही; ती दबते व सरकते आणि पट्ट्याला जागेवर ठेवीत नाही.

साधारणपणे चार वर्षांपर्यंतच्या मुलासाठी स्वतःचे पट्टे असलेले बालसुरक्षा आसन योग्य असते. ते अपुरे पडू लागले की बूस्टर सीटची वेळ येते. साधारण १४५ सेंटिमीटर उंची होईपर्यंत तिची गरज राहते. बहुतेक मुले ही उंची अकरा-बाराव्या वर्षाच्या आसपास गाठतात. अर्थात, वयापेक्षा उंची महत्त्वाची.

मोटारीशी जुळणी

बाजारातील सर्वांत महाग आसन आपल्या मोटारीत बसेलच असे नाही. म्हणून खरेदीला जाताना मूल व मोटार दोन्ही बरोबर न्यावीत आणि पुढील गोष्टी पाहाव्यात.

पहिली गोष्ट पट्ट्याची. बूस्टर सीट केवळ कमर व खांदा या दोन्हींवरून जाणाऱ्या पट्ट्यासह वापरता येते. जुन्या मोटारींत मागील मधल्या जागेला पुष्कळदा फक्त कमरपट्टा असतो. तेथे हे आसन ठेवू नये.

दुसरी गोष्ट रुंदीची. आसनाचा तळ रुंद असेल, तर पट्टा अडकविण्याचे कुलूप त्याखाली दडते आणि मुलाला किंवा शेजाऱ्याला पट्टा लावता येत नाही. मागे आणखी दोघे बसणार असतील, तर सर्वांना बसवून, सर्वांचे पट्टे लावून पाहावे.

तिसरी गोष्ट पाठीची. पाठ असलेल्या बूस्टर सीटमध्ये डोक्याला बाजूंनी आधार मिळतो आणि झोपलेले मूल पट्ट्यातून कलंडत नाही. लांबच्या प्रवासात हा लाभ मोठा आहे. मोटारीतील डोके टेकण्याची उशी या पाठीला पुढे ढकलीत असेल, तर वाहनाच्या माहितीपुस्तिकेत अनुमती असल्यास ती काढावी, अन्यथा दुसरे आसन निवडावे. बिनपाठीचे आसन हलके व स्वस्त असते. परंतु युरोपातील आर-१२९ या नियमानुसार ते १२५ सेंटिमीटर उंचीनंतरच योग्य मानले जाते.

चौथी गोष्ट आयसोफिक्सची. अनेक नव्या मोटारींत मागील आसनाची पाठ व बैठक यांच्या फटीत, एकमेकींपासून २८० मिलिमीटर अंतरावर, लोखंडी कड्या असतात. काही बूस्टर सीट त्यांत अडकविता येतात, त्यामुळे त्या हलत नाहीत. मुलाला मात्र मोटारीचा पट्टाच धरून ठेवतो. कड्या नसतील, तर रिकामे आसनही पट्ट्याने बांधून ठेवावे. अन्यथा धडकेत ते इतरांवर आदळते.

आसनावर ए. आय. एस.-०७२ या भारतीय मानकाची किंवा संयुक्त राष्ट्रांच्या आर-४४ अथवा आर-१२९ नियमाची खूण आहे, याची खात्री करून घ्यावी. अपघातात सापडलेले जुने आसन घेऊ नये.

मोटारीच्या तारांकनावर विसंबून ही पाहणी टाळू नये. १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या भारत एनकॅप कार्यक्रमाच्या पहिल्या पद्धतीत धडक-चाचणीसाठी दीड व तीन वर्षांच्या बालकांच्या प्रतिकृती ठेवण्यात आल्या. सात-आठ वर्षांच्या मुलाविषयी ते तारे फारसे सांगत नाहीत.

अखेरची कसोटी

बूस्टर सीटवर मूल बसवून पट्टा लावल्यावर खालचा भाग मांड्यांच्या वरच्या टोकाला टेकला पाहिजे, पोटावर नव्हे. वरचा भाग खांद्याच्या मध्यावरून व छातीवरून जावा. पीळ किंवा ढिलाई नसावी. बूस्टर सीट केव्हा सोडावी, याचीही कसोटी सोपी आहे. मोटारीच्या आसनाला पाठ पूर्ण टेकवून बसल्यावर मुलाचे गुडघे आसनाच्या कडेशी वाकले, पट्टा वरीलप्रमाणे बसला आणि प्रवासभर मूल तसेच बसू शकले, तरच ती वेळ आली असे समजावे. त्यानंतरही मुलाने मागच्या आसनावरच बसणे हितावह आहे.

ही माहिती घरोघरी पोहोचविण्यास मोठा खर्च लागत नाही. शाळेच्या व्हरांड्यात किंवा ग्रामपंचायतीच्या भिंतीवर १४५ सेंटिमीटर उंचीवर एक ठळक रेघ मारावी आणि पालकसभेत तिचा अर्थ सांगावा. ज्या मुलाचे डोके त्या रेघेखाली राहते, त्याच्यासाठी मोटारीचा पट्टा एकटा पुरेसा नाही, एवढे पालकांच्या ध्यानी आले, तरी पुष्कळ साधले असे म्हणता येईल.