खोलीला खोली: सरकारी योजनेतल्या घराची अदलाबदल करता येते का?

असं समजा, पुण्यात दांडेकर पुलाजवळच्या वस्तीत उभं आयुष्य काढलेल्या बाईंना पुनर्वसनात हडपसरला घर मिळालं. त्यांची घरकामं सगळी सदाशिव पेठेत. तिकडे पर्वतीच्या पायथ्याशी झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरणाच्या (एसआरए) इमारतीत राहणाऱ्या कुटुंबातल्या कमावत्या मुलाला मगरपट्ट्यात नोकरी. दोन्ही घरं जवळपास सारखी, तीनशे चौरस फुटांच्या आतबाहेरची. मध्यस्थ कोणीतरी ओळखीचा निघतो आणि "तुमची खोली आम्हाला, आमची तुम्हाला" हे एका चहात ठरतं. गरज खरी असते, दोघांचाही फायदा असतो, कोणी कोणाला फसवत नसतं. तरीही अशा व्यवहारात दोघंही आपापलं घर गमावून बसू शकतात. याला कारण म्हणजे वस्त्यांमध्ये, सोसायट्यांमध्ये आणि थेट झेरॉक्सच्या दुकानांपर्यंत पसरलेले काही पक्के गैरसमज.

पहिला गैरसमज बाहेरून आलेला आहे. इंग्लंडमध्ये नातेवाईक असलेले सांगतात की तिथे नगरपालिकेच्या घरात राहणारे दोन भाडेकरू आपसात घरं बदलू शकतात. ते खरंच आहे. तिथल्या 1985 च्या गृहनिर्माण कायद्याच्या कलम 92 ने सुरक्षित भाडेकरूंना हा हक्क दिला आहे. नगरपालिकेने 42 दिवसांत उत्तर द्यायचं असतं आणि नकार द्यायचा तर कायद्यात दिलेल्या कारणांपैकीच एखादं दाखवावं लागतं. पण त्यावरून "इथेही महापालिकेत असा एखादा फॉर्म असेलच" असं मानणं चुकीचं. तिथलं घर सरकारी मालकीचं आणि भाड्याचं असतं. आपल्याकडच्या एसआरए, म्हाडा, पंतप्रधान आवास या योजना मुख्यतः मालकीचं घर देणाऱ्या आहेत. हातात मालकी येते, पण अटी घालून. त्यामुळे इथे बदली मिळत नाही, हस्तांतरण करावं लागतं, आणि हस्तांतरणाचे नियम घर कोणत्या योजनेतलं यावर ठरतात.

"विकायला बंदी आहे, बदलायला कुठे आहे?"

बदलायलाही आहे. महाराष्ट्र झोपडपट्टी (सुधारणा, निर्मूलन व पुनर्विकास) अधिनियम 1971 मधलं कलम 3ई पुनर्वसनाच्या घरांबद्दल बोलतं. त्यात ठरावीक मुदतीपर्यंत विक्री, बक्षीस, अदलाबदल, भाडेपट्टा किंवा अन्य कोणत्याही मार्गाने घर दुसऱ्याला देण्यास मनाई आहे. अदलाबदलीचा उल्लेख तिथे स्पष्ट आहे, म्हणजे कायदा करणाऱ्यांना ही पळवाट आधीच दिसली होती. भाडेपट्ट्याचाही आहे. "विकलं नाही हो, नुसतं भाड्याने दिलंय" हा बचाव त्यामुळे उभा राहत नाही. ही मुदत आधी 10 वर्षांची होती. अलीकडच्या दुरुस्तीने ती 5 वर्षांवर आली. मुदत मोजतात ती वाटपाच्या तारखेपासून. झोपडी पाडली, संक्रमण शिबिरात गेलो किंवा बिल्डरकडून भाडं घ्यायला लागलो, त्या दिवसापासून नव्हे. मुदत संपली की घर आपोआप मोकळं होतं, हाही भ्रमच. त्यानंतरही झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरणाची आधी परवानगी घ्यावी लागते आणि शुल्क भरावं लागतं. पुणे व पिंपरी-चिंचवडसाठी हे प्राधिकरण 2005 पासून स्वतंत्र आहे, तेव्हा मुंबईतल्या मेव्हण्याने तिथलं परिपत्रक पाठवलं तर ते इथे लागू आहे का, हे आधी विचारावं.

एकाच इमारतीतल्या मजल्यांची अदलाबदल हा या गैरसमजाचा सर्वांत निरागस प्रकार. सोडतीत आजोबांना नववा मजला लागतो, तरुण जोडप्याला पहिला. जोडप्याला वर राहायला आवडतं, आजोबांना खाली हवं असतं. दोघं नुसत्या किल्ल्या बदलतात. शेजारधर्म म्हणून हे कौतुकाचंच आहे. पण वाटपपत्रावरचा खोली क्रमांक बदललेला नसतो, आणि तपासणीला माणसं आली की दोन्ही घरांत "वाटप झालेली व्यक्ती राहत नाही" अशी नोंद होते. आजारपण, अपंगत्व, वय यांमुळे खालचा मजला हवा असेल तर लेखी अर्ज सोडतीआधी करायचा असतो, निदान ताबा घेण्याआधी तरी.

माझं मत विचाराल तर विक्रीवरची मुदतबंदी योग्यच आहे. ती नसती तर पुनर्वसनाची निम्मी घरं किल्ली मिळण्याआधीच दलालांच्या खिशात गेली असती. पण पैसे न घेता, दोन पात्र लाभार्थ्यांनी प्राधिकरणासमोर येऊन केलेल्या अदलाबदलीला त्याच दावणीला बांधण्यात शहाणपण नाही. लिफ्ट बंद पडलेल्या इमारतीत गुडघे दुखणारी बाई आणि घर विकून पसार होणारा माणूस कायद्याच्या नजरेत एकाच रांगेत उभे राहतात. यात बदल व्हायला हवा. होत नाही तोवर मात्र नियम आहे तो असा आहे.

"नोटरी केली, पॉवर घेतली, लाइट बिलही नावावर आलं"

हा सर्वांत महाग पडणारा गैरसमज. मुदत संपलेली नसते, परवानगी मिळणार नसते, म्हणून व्यवहार स्टँपपेपरवर होतो. त्यावर नोटरीचा लाल शिक्का, जोडीला कुलमुखत्यारपत्र, आणि वर मृत्युपत्रही. कागदांची जाडी पाहून घेणाऱ्याला वाटतं, सगळं पक्कं झालं.

नोटरी एवढंच सांगतो की या माणसांनी माझ्यासमोर सही केली. घराची मालकी बदलते ती नोंदणीकृत दस्ताने. 1908 च्या नोंदणी कायद्यानुसार शंभर रुपयांहून जास्त किमतीच्या स्थावराचं हस्तांतरण नोंदवणं सक्तीचं आहे. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम 118 तर अदलाबदलीचंच आहे, आणि ते म्हणतं की ती विक्रीसाठी ठरवून दिलेल्या पद्धतीनेच करावी. कुलमुखत्यारपत्राच्या आधारे होणाऱ्या 'विक्री'बद्दल सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात निर्वाळा दिला आहे की अशा कागदांनी मालकी मिळत नाही. शिवाय साधं कुलमुखत्यारपत्र देणाऱ्याच्या मृत्यूबरोबर संपतं. मूळ लाभार्थी वारला, त्याच्या मुलांनी दार ठोठावलं की लाल शिक्क्याचा उपयोग संपला.

विजेचं बिल आणि मिळकतकराची पावती यांचंही तेच. वीज कंपनीला बिल कोण भरणार आणि महापालिकेला कर कोण देणार, एवढ्यापुरती ती नोंद असते. मालकीचा पुरावा म्हणून ती पुरत नाही.

यातही एक गोष्ट नेहमी विसरली जाते. पुनर्वसनाचं घर सहसा पती-पत्नीच्या संयुक्त नावावर असतं. नवऱ्याने एकट्याने केलेला सौदा बायकोच्या हक्काला हात लावू शकत नाही, आणि बायकोला तो ठाऊकच नव्हता असंही अनेकदा घडतं.

"पैसे फिरलेच नाहीत, तर मुद्रांक कसला?"

आता समजा मुदत संपली आहे, परवानगी मिळाली आहे, किंवा दोन्ही घरं मुळातच मोकळी आहेत. तरी मुद्रांक शुल्क लागतंच. फक्त ते लोकांना वाटतं तेवढं नसतं. महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमात अदलाबदलपत्रासाठी वेगळा अनुच्छेद आहे, क्रमांक 32. त्यानुसार दोन्ही घरांवर मिळून नव्हे, तर ज्या घराचं बाजारमूल्य जास्त त्याच एका घरावर शुल्क आकारतात. एक घर 45 लाखांचं, दुसरं 38 लाखांचं असं धरा. मूळ दर 5 टक्के, अधिभार बाजूला ठेवू. दोघांनी एकमेकांना स्वतंत्र विक्री केली तर एकूण शुल्क होईल 4 लाख 15 हजार. अदलाबदलपत्र केलं तर 2 लाख 25 हजार. दलाल हे सांगत नाही, कारण बहुधा त्याने दोन विक्रीखतांची दलाली मोजून ठेवलेली असते. नोंदणी फी 1 टक्का, पण कमाल 30 हजारच. आणि प्राप्तिकर खात्याच्या लेखी अदलाबदल म्हणजे हस्तांतरणच, तेव्हा भांडवली नफ्याचा प्रश्न सनदी लेखापालाला आधी विचारलेला बरा.

घर पत्नी, पती, मुलगा, मुलगी किंवा नातवंडांच्या नावावर बक्षीसपत्राने करायचं असेल तर राहत्या घरासाठी मुद्रांक 200 रुपये आणि लागू असलेला अधिभार. भाऊ या यादीत नाही. आणि वर सांगितलेल्या मुदतीच्या आत एसआरएच्या घराचं बक्षीसपत्रही चालत नाही.

"सोसायटी लाखभर घेतल्याशिवाय सोडत नाही"

मागतात, हे खरं. पण द्यायला आपण बांधील नाही. राज्य सरकारच्या 9 ऑगस्ट 2001 च्या आदेशाने महापालिका क्षेत्रात हस्तांतरण अधिमूल्याची कमाल मर्यादा 25 हजार रुपये आहे. त्याशिवाय हस्तांतरण फी 500 रुपये. 'देणगी', 'विकास निधी', 'लिफ्ट फंड' अशी नावं देऊन त्यावर काही घेता येत नाही. आदर्श उपविधींमध्ये तर याहून चांगली तरतूद आहे. कुटुंबातल्या व्यक्तीला, वारसाला किंवा नामनिर्देशिताला घर जात असेल तर हे अधिमूल्य लागत नाही, आणि एकाच सोसायटीतल्या दोन सभासदांनी आपसात सदनिका बदलल्या तरीही नाही. म्हणजे अदलाबदलीचा विचार आपल्याकडच्या कोणीतरी नियमांत करून ठेवला आहे. उपविधींची प्रत सचिवांसमोर ठेवा, चर्चा लवकर आटोपते.

म्हाडाच्या सोडतीतल्या घराला 5 वर्षांची विक्रीबंदी असते आणि नंतर पुणे मंडळाची परवानगी व शुल्क. जुन्या वसाहतींत मूळ वाटपदार, मग त्याच्याकडून घेणारा, मग तिसरा अशी साखळी असते. त्यातली एखादी कडी मंडळाच्या दप्तरी नोंदलेली नसेल तर शेवटच्या माणसाची फाइल अडते. सगळे कागद मागा, नुसता शेवटचा नको.

"वाड्यातली खोली आजोबांपासून आमचीच आहे"

पेठांतल्या वाड्यांची गोष्ट निराळी. तिथे सरकार मालक नाही, पण कमी भाड्याचं संरक्षित घर म्हणून पुण्यातल्या कित्येक पिढ्यांनी जे अनुभवलं ते हेच. आधी 1947 चा मुंबई भाडे कायदा आणि 31 मार्च 2000 पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम 1999 यांनी हे संरक्षण दिलं. संरक्षण म्हणजे मालकी नव्हे. कलम 26 प्रमाणे करारात तशी मुभा नसेल तर भाडेकरूने खोली दुसऱ्याला देणं किंवा आपला हक्क हस्तांतरित करणं बेकायदेशीर आहे. दोन बिऱ्हाडांनी पुढची-मागची खोली आपसात बदलली तरी मालकाची लेखी संमती हवी; नाहीतर त्याच मुद्द्यावर खोली रिकामी करण्याचा दावा लागू शकतो. "पागडी बेकायदा आहे" असं मात्र कोणी ठासून सांगितलं तर तेही आता खरं नाही. कलम 56 ने भाडेकरूला हक्क सोडताना किंवा हस्तांतरित करताना, आणि मालकाला त्याला संमती देताना, रक्कम घेण्याची मोकळीक दिली आहे.

खोलीला कुलूप लावून बावधनच्या फ्लॅटमध्ये राहायला गेलेले आणि वाड्याच्या पुनर्विकासाची वाट पाहणारे भाडेकरू पुण्यात काही कमी नाहीत. सलग सहा महिने रास्त कारणाशिवाय जागा वापरात नसणं हे कलम 16 खाली ताबा मागण्याचं कारण ठरतं. भाडं वेळेवर भरल्याने ते टळत नाही. आणि भाडेकरू वारल्यावर हक्क पहिल्यांदा जातो तो मृत्यूच्या वेळी त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबीयाकडे. तसं कोणी नसेल तरच इतर वारसाकडे. अमेरिकेतल्या थोरल्या मुलापेक्षा आजींजवळ राहिलेल्या नातीची बाजू इथे भक्कम असते.

"नॉमिनी मीच, म्हणजे घर माझंच"

नामनिर्देशित व्यक्ती सोसायटीच्या दप्तरात तात्पुरती सभासद होते. मालकी वारसा कायद्याने किंवा मृत्युपत्राने ठरते. हिंदू उत्तराधिकार कायद्यात मुलगा, मुलगी, विधवा, आई हे पहिल्या वर्गातले वारस आहेत. लग्न झालेली मुलगीही त्यात आहे, मग घर सरकारी योजनेतलं का असेना. सफाई कामगारांच्या वसाहतींत आणखी एक घोटाळा होतो. लाड-पागे समितीच्या शिफारशींनुसार वारसाला मिळते ती नोकरी. सेवानिवासस्थान नोकरीशी बांधलेलं असतं, वारसाने ते आपोआप मिळत नाही. मालकीच्या घरासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर श्रमसाफल्य योजना वेगळी आहे आणि तिला 25 वर्षांच्या सेवेची अट आहे.

घर बदलायचंच असेल तर विसार देण्याआधी तीन गोष्टी करा. वाटपपत्राची मूळ प्रत मागून त्यावरची तारीख वाचा. घर ज्या कार्यालयाच्या अखत्यारीत आहे तिथे, सध्या ते कोणाच्या नावावर आहे हे लेखी विचारा. तोंडी उत्तर मिळालं तर माहिती अधिकाराचा अर्ज टाका. आणि नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर त्या घराची सूची क्रमांक 2 शोधा, विनामूल्य दिसते. समोरच्याने यातल्या एकालाही "कशाला, विश्वास नाही का?" असं उत्तर दिलं, तर तो सौदा तिथेच सोडा.