अहमदनगरचा भुईकोट

मुलांनो, मंगरूळपीर हे गाव वऱ्हाडात आहे. हा वऱ्हाड प्रांत एकदा एका किल्ल्याच्या रक्षणासाठी शत्रूस द्यावा लागला, हे तुम्हांस ठाऊक आहे काय? तो किल्ला पुष्कळ दूर, अहमदनगर येथे आहे. त्या शहरास आता अहिल्यानगर म्हणतात.

हा किल्ला सपाट भूमीवर असल्याने त्यास भुईकोट म्हणतात. डोंगराचा आधार नाही, तेव्हा सारी भिस्त तटावर व खंदकावर. पूर्वीच्या मातीच्या कोटाजागी हुसेन निजामशहाने १५५९ ते १५६२ या काळात भक्कम दगडी तट उभारला. पुढे १५७४ मध्ये निजामशाहीने वऱ्हाड जिंकला.

१५९५ च्या अखेरीस अकबराचा पुत्र मुराद याने किल्ल्यास वेढा दिला. मोगलांनी सुरुंग उडवून तटास खिंडार पाडले. तेव्हा चांदबिबी स्वतः शस्त्र घेऊन तेथे उभी राहिली आणि रातोरात तिने ते खिंडार बुजवून घेतले! अखेर १५९६ मध्ये तह झाला. किल्ला राहिला, वऱ्हाड मात्र गेला. चारच वर्षांनी किल्लाही मोगलांनी घेतला.

१७५९ मध्ये तो मराठ्यांकडे आला. शत्रूस बाहेर ठेवणारे तट आता माणसांना आत कोंडण्याच्याही कामी येऊ लागले. १७९७ च्या अखेरीस पकडलेल्या नाना फडणविसांस येथेच ठेवले होते. १८०३ मध्ये इंग्रजांनी किल्ला सर केला. पुढे त्यांनी दक्षिण आफ्रिकेतील युद्धात धरलेले बोअर कैदी अहमदनगरास आणले.

ऑगस्ट १९४२ मध्ये जवाहरलाल नेहरू, वल्लभभाई पटेल, मौलाना आझाद, शंकरराव देव आदी बारा पुढारी येथे बंदिवान झाले. आझादांची पत्नी १९४३ मध्ये कलकत्त्यास वारली. तिची अखेरची भेटही त्यांना घडली नाही. नेहरूंनी येथे बाग करावयास घेतली. जमीन खणताना दगडधोंड्यांखाली त्यांना जुन्या भिंतींचे अवशेष लागले, आणि त्यांना चांदबिबीचे स्मरण झाले. १९४४ मध्ये पाच महिन्यांत त्यांनी भारताच्या इतिहासावरील आपला प्रसिद्ध ग्रंथ याच तटांआड लिहिला.

आज हा किल्ला भारतीय सैन्याच्या ताब्यात आहे. ते पुढारी ज्या खोल्यांत राहिले, त्या तेथे जतन केलेल्या आहेत.