थंडीत हिरवं पाणी मरत नाही

पौष-माघात भंडारा जिल्ह्यात रात्रीचा पारा कधी दहाच्याही खाली जातो, आणि घरी टबात किंवा बाटलीत वनस्पती प्लवंग, म्हणजे पाणी हिरवं करणारं सूक्ष्म शैवाल, वाढवणाऱ्याचा धीर सुटतो. दिघोरीसारख्या धानपट्ट्यातल्या गावाला बोडी (छोटं तळं) आणि कोहळी समाजाने बांधलेले जुने मालगुजारी तलाव नवे नाहीत. त्यांतल्या अशाच हिरव्या पाण्यावर सूक्ष्म प्राणी जगतात आणि त्यांच्यावर मत्स्यजिरे (माशांची इवली पिल्लं) पोसतात. म्हणूनच पाणी फिकट राहिलं की ‘बीज मेलं’ असं समजून टब ओतून दिलेला पाहताना हळहळ वाटते.

बहुतेक वेळा बीज मेलेलं नसतं. क्लोरेलासारखं हरित शैवाल २५ ते ३० अंशांना जोमात वाढतं; तापमान १० अंशांनी उतरलं की वेग साधारण निम्म्यावर येतो. म्हणजे आठवड्यात हिरवं होणारं पाणी दोन आठवडे घेईल, इतकंच. ध्रुवांजवळच्या समुद्रात तर काही डायाटम शून्याच्या आसपासही वाढतात. तळाशी हिरवा साका बसला तरी घाबरू नका. बाटली हलवा. साका विरघळल्यासारखा पसरून पाणी पुन्हा हिरवं झालं आणि ताज्या गवतासारखा वास आला, तर पेशी शाबूत आहेत. करडा-पिवळा गाळ आणि कुजका वास असेल तरच ते फेका.

खरं नुकसान होतं ते रंग येत नाही म्हणून शेण आणि युरिया वाढवत गेल्याने. थंडीत शेण कुजवणारे जिवाणूही मंदावलेले असतात, त्यामुळे घातलेलं खत नुसतं पडून राहतं. ऊन तापलं की ते एकदम सुटतं. बोडीत असं झालं तर पाणी गर्द हिरवं होतं, रात्री तेच शैवाल प्राणवायू वापरू लागतं आणि पहाटे मासे तोंड वर काढून धापा टाकतात. ‘हिरवं पाणी सदैव प्राणवायू देतं’ हा समज इथेच उघडा पडतो: ते उजेडात देतं, अंधारात घेतं. थंड पाणी मात्र या बाबतीत सोयीचं. १० अंशांच्या पाण्यात लिटरमागे ११ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना जेमतेम साडेसात.

थंडी आहे म्हणून बाटली कडक उन्हात ठेवणंही चुकीचंच. गारठलेल्या पेशींना तेवढा प्रकाश वापरता येत नाही आणि जादा प्रकाशाने त्यांचं हरितद्रव्य करपतं. शिवाय लहान बाटली दुपारी तापते, रात्री गार पडते. घराच्या आतल्या भिंतीलगत, पांढऱ्या एलईडी ट्यूबच्या उजेडात १२ ते १६ तास ठेवा. मत्स्यटाकीच्या छोट्या पंपाने हवा सोडली की पाणी ढवळतं आणि कार्बन डायऑक्साइडही मिळतो. हीटरची गरज नाही.

बोडीचं पाणी थेट विरजण म्हणून ओतू नका. त्यातले सूक्ष्म प्राणी शैवाल फस्त करतात. शुद्ध बीज मिळालं असेल तर थोडं फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, झाकण सैल ठेवून राखा. अधूनमधून हलवलं तर ते काही आठवडे टिकतं. बर्फाच्या कप्प्यात मात्र पेशी फुटतात. फाल्गुनात रात्री उबदार झाल्या की ते ताज्या पाण्यात मिसळा. नळाचं पाणी असेल, तर क्लोरीन उडून जायला आधी एक दिवस ते उघडं ठेवा.