वाऱ्याचा वेग आणि पाण्याची उंची
(लेखमाला : आभाळ आणि पाणी, भाग ६)

नळदुर्ग, उमरग्यावरून जाणारा राष्ट्रीय महामार्ग ६५ हैदराबाद, विजयवाडा करत मछलीपट्टणमला संपतो. त्या बंदरात १ नोव्हेंबर १८६४ रोजी समुद्र शिरला आणि सुमारे तीस हजार माणसे गेली. वादळाची बातमी आजही वाऱ्याच्या वेगाने सुरू होते, पण बंगालच्या उपसागराच्या काठावर मोठ्या वादळांत माणसे वाऱ्याने मेली त्यापेक्षा पाण्याने फार अधिक मेली आहेत, आणि ते पाणी किती चढेल हे वाऱ्याच्या आकड्यावरून एकट्याने कळत नाही. साडेसहाशे मीटर उंचीवरच्या धाराशिवकराने हे का वाचावे, असा प्रश्न रास्त आहे. पण सीना आणि बोरी भीमेतून कृष्णेला मिळतात, तेरणा मांजरेतून गोदावरीला. जिल्ह्यातला एकही ओढा अरबी समुद्राकडे जात नाही. आपले पाणी ज्या दोन मुखांशी समुद्राला मिळते, तोच किनारा अशा उधाणाचे जुने ठिकाण आहे.

वादळाच्या पोटात हवेचा दाब उतरतो तेव्हा त्याखालचे पाणी वर येते. हिशेब सोपा आहे : दाब एक हेक्टोपास्कलने उतरला की पाणी साधारण एक सेंटिमीटर चढते. ओडिशाच्या १९९९ च्या महाचक्रीवादळात मध्याचा दाब नेहमीपेक्षा शंभरेक हेक्टोपास्कलने खाली गेला होता, म्हणजे दाबाच्या वाट्याला आला एक मीटर. प्रत्यक्षात पाणी पाच-सहा मीटर चढले. उरलेले काम वाऱ्याचे, पण वारा ते एकटा करत नाही. खोल समुद्रात वाऱ्याने लोटलेले पाणी खालून परतून जाते. उथळ किनाऱ्याजवळ परतायला जागा नसते, म्हणून ते साचत आणि चढत जाते. त्यात किनारा आत वळलेला असला तर दोन्ही बाजूंचे पाणी मध्येच कोंडते. आणखी एक गोष्ट नकाशावर बोट ठेवूनच कळते. आपल्या गोलार्धात वादळ घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरते, त्यामुळे त्याच्या वाटेच्या उजव्या अंगाचा वारा समुद्राकडून जमिनीकडे येतो आणि डाव्या अंगाचा जमिनीकडून समुद्राकडे जातो. १९ नोव्हेंबर १९७७ चे वादळ चिराळाजवळ किनाऱ्यावर आले, पण जलसमाधी मिळाली ती तिथून ईशान्येला, कृष्णेच्या मुखाशी असलेल्या दिविसीमेला. दहा हजारांच्या आसपास माणसे गेली. दिविसीमा वादळाच्या उजव्या हाताला होती. वादळ कुठे आदळणार एवढेच सांगणारा अंदाज म्हणूनच अर्धवट ठरतो.

यावर कोकणाचा दाखला दिला जातो. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ अलिबागच्या दक्षिणेला ताशी ११० ते १२० किलोमीटर वेगाने आले, श्रीवर्धन-दिवेआगरच्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या, पण समुद्राने गावे गिळली नाहीत. अरबी समुद्र खोल आहे, म्हणून कोकणाला भीती नाही, असे त्याचे स्पष्टीकरण ऐकू येते. ते चुकीचे आहे. मुंबई हायच्या तेलविहिरी किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटर आत आहेत आणि तिथेही पाणी जेमतेम ७५ मीटर आहे. इतका रुंद उथळ पट्टा उधाणाला हवाच असतो. कोकण वाचते ते दुसऱ्या कारणांनी. थेट येऊन धडकणारी वादळे तिकडे कमी, किनाऱ्यामागे लगेच डोंगर, आणि भरती-ओहोटीतला फरक मोठा. मुंबईत उधाणाच्या भरतीला पाणी पाच मीटरच्या घरात जाते. वादळाने चढवलेले एक मीटर पाणी तिथे ओहोटीच्या वेळी आले तर कोणाच्या लक्षातही येणार नाही. तेच उधाणाच्या ऐन भरतीला आले तर गणित पालटते. निसर्गच्या वेळी मुंबई वादळाच्या डाव्या अंगाला होती, हे तिचे नशीब. नशिबाला सुरक्षितता म्हणू नये.

हवामान समुद्राला केवळ वादळाच्या दिवशी हलवत नाही. पूर्व किनाऱ्यावर पाण्याची पातळी ऋतूप्रमाणे बदलते. पावसाळ्यानंतर नद्यांचे गोडे, हलके पाणी, किनाऱ्यालगतचे प्रवाह आणि वारे यांच्यामुळे ती ऑक्टोबर-नोव्हेंबरात सर्वांत वर असते, आणि वादळांचा हंगामही नेमका तोच. त्या वेळी मुखाशी समुद्र फुगलेला असला की नदीचे पुराचे पाणी बाहेर पडायला वेळ घेते आणि सखल मुलुखात दोन्ही पाणी एकमेकांवर चढते. आपल्याकडे याची उलटी बाजू दिसली ती २०२० मध्ये. १३ ऑक्टोबरला काकीनाड्याजवळ किनारा ओलांडणारे ते नुसते अतितीव्र कमी दाबाचे क्षेत्र होते. वाऱ्याने ताशी ६२ किलोमीटरचा उंबरठा गाठला नाही, म्हणून ते चक्रीवादळ ठरले नाही आणि त्याला नावही मिळाले नाही. त्यानेच पुढे सरकत धाराशिव, सोलापूर, लातूरकडे अतिवृष्टी केली. काढून ठेवलेल्या सोयाबीनच्या गंजी पाण्यात गेल्या. वाऱ्याच्या मोजपट्टीवर जे किरकोळ, ते पाण्याच्या मोजपट्टीवर किरकोळ नव्हते. समुद्राचे उधाण आणि शिवारातली अतिवृष्टी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पण वाऱ्यावरून पाणी मोजण्याची चूक दोन्हीकडे एकच.

समुद्राच्या वाढत्या पातळीवरचा आक्षेप वरवर बिनतोड दिसतो. २००६ ते २०१८ या काळात जगातले समुद्र वर्षाला सरासरी ३.७ मिलिमीटरने चढले. पाच मीटरच्या उधाणापुढे त्याची काय मातब्बरी? पण कृष्णा-गोदावरीच्या मुखाकडची जमीन जवळजवळ सपाट आहे. तिथे पातळी थोडी जरी चढली तरी तेच वादळ अधिक आत पोचते, आणि पूर्वी भरतीची साथ लागायची ते उधाण तिच्याशिवायही बांध ओलांडू शकते.

उपाय अंदाजात आहे, असे म्हणताना ओडिशाचे उदाहरण जपून द्यायला हवे. १९९९ मध्ये दहा हजारांच्या आसपास माणसे गेली, २०१३ च्या फायलिनमध्ये काही डझन. फायलिनचे उधाण त्या मानाने लहान होते, हे खरे. पण दहा लाखांच्या आसपास लोक आधीच हलवले होते, हेही तितकेच खरे. उधाणाची उंची आधी सांगण्याचे काम आज हैदराबादची इन्कॉइस ही संस्था हवामान खात्याबरोबर करते. त्यांच्या इशाऱ्यात 'नेहमीच्या भरतीपेक्षा इतके मीटर वर' असे एक वाक्य असते. दूरचित्रवाणीवर ते बहुधा शेवटी येते, वाऱ्याचा वेग तीनदा सांगून झाल्यावर.