निळ्यात सापडणारा पिवळा

सकाळी ७. नोव्हेंबरात आमच्या गोंदियाच्या राईस मिलमध्ये आधी थंडी शिरते, मग माणसं. मी सॉर्टेक्सचा, म्हणजे रंग बघून खराब दाणे हवेनं उडवणाऱ्या मशीनचा, ऑपरेटर. पहिलं काम कॉम्प्रेसरच्या टाकीतलं पाणी सोडायचं. गेल्या हंगामात एकदा ते राहिलं, ओली हवा आत गेली आणि निम्म्या नोझलांनी फुंकणंच सोडलं. काळे दाणे कट्ट्यांत गेले, शिव्या माझ्या वाट्याला आल्या.

७.३०. कॅमेऱ्यासमोरच्या काचा पुसल्या. कोंड्याची भुकटी रोज बसते.

८. सोललेला, पॉलिश झालेला, कनकी (तुटके दाणे) काढलेला तांदूळ माझ्याकडे येतो. हॉपरातून व्हायब्रेटरवर, तिथून चूटवरून घसरत कॅमेऱ्यासमोर, सेकंदाला तीन-चार मीटरच्या वेगानं. खराब दाणा दिसला की जरा खालचं नोझल त्याला फुंकून बाजूला पाडतं.

९.३०. शेठ तळहातावर मूठभर एचएमटी तांदूळ घेऊन हजर. "काऊन रे भाऊ, पिवळा येऊन रायला ना!"

मी निळ्याची सेन्सिटिव्हिटी वाढवली. पिवळा दाणा निळा प्रकाश गिळतो. लाल-हिरव्यात तो चांगल्या दाण्याइतकाच उजळ दिसतो, निळ्यात मात्र सावळा पडतो. काळ्या डागाचं तसं नाही, तो तिन्हींत काळाच.

हे मला मेकॅनिकनं कॅमेरा उघडला तेव्हा समजलं. लेन्सच्या मागं काचेचे तीन तुकडे चिकटवलेलं प्रिझम होतं. शाळेत न्यूटनचा लोलक शिकलो होतो, भिंतीवर सप्तरंगी पट्टा पाडणारा. हे त्या जातीचं नाही. इथं काम करतात ते काचेवरचे अतिशय पातळ लेप. एक निळा परतवतो, दुसरा लाल, हिरवा सरळ पार जातो, आणि तिघांना आपापला सेन्सर. काही कॅमेऱ्यांत प्रिझमऐवजी तीन रंगांच्या तीन ओळी शेजारीशेजारी असतात. तिथं पडता दाणा एकीला आधी दिसतो, दुसरीला मग, आणि ते जुळवत बसावं लागतं. प्रिझमवाल्यात तिन्ही रंग एकाच जागेचे, एकाच क्षणाचे.

दुपारी १. जेवण. भातच, दुसरं काय!

३. उसना तांदूळ लागला. उकडलेल्या धानाचा, त्यामुळे मुळातच पिवळसर. सकाळचंच सेटिंग ठेवलं तर मशीन सगळा माल बाहेर फेकेल. निळा उतरवला, रिजेक्शनमधला मूठभर तांदूळ काळ्या ताटलीत पसरला. वाईटासोबत चांगले किती गेले, ते शेवटी डोळ्यांनीच बघायचं.

संध्याकाळी ६. रेशनचा माल. त्यात शंभराला एक फोर्टिफाइड दाणा घालायचा: तांदळाच्या पिठात लोह, फॉलिक ॲसिड, बी-१२ मिसळून तांदळाच्याच आकारात काढलेला. तो सॉर्टेक्सनंतरच मिसळतात. आधी टाकला, तर रंग वेगळा म्हणून मशीन फुंकून देईल.

घरी गेलो तर आई सूप घेऊन बसलेली. रेशनच्या तांदळातले तेच दाणे एकेक वेचून बाजूला काढत म्हणाली, "प्लास्टिकचे आहेत बाबू, तुमच्या मशीनला दिसत नाही का?"