फायब्रोमायल्जिया: औषधाइतकाच मोजून घ्यायचा व्यायाम

फायब्रोमायल्जिया हा शरीरभर पसरलेल्या दीर्घकालीन वेदनेचा विकार आहे. मान, खांदे, पाठ, कंबर, मांड्या अशा अनेक ठिकाणी तीन महिन्यांहून अधिक काळ दुखत राहते. रात्रभर झोपूनही सकाळी अंग आखडलेले असते, थकवा हटत नाही, कामात लक्ष लागत नाही. रक्ततपासणी, एक्स-रे आणि एमआरआयमध्ये मात्र या दुखण्याचे कारण सापडत नाही. ‘रिपोर्ट नॉर्मल आहेत’ हे ऐकून रुग्ण एका दवाखान्यातून दुसऱ्या दवाखान्यात फिरत राहतो आणि घरच्यांना ते दुखणे मनाचे वाटू लागते. जगात साधारण 2 ते 4 टक्के लोकांना हा विकार असतो. स्त्रियांमध्ये त्याचे प्रमाण अधिक आहे.

अंगदुखी महाराष्ट्रातही थोडीथोडकी नाही. पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे डॉ. अरविंद चोप्रा यांच्या पथकाने 1996 मध्ये घरोघरी पाहणी सुरू केली. तीत सुमारे 18 टक्के प्रौढांना हाडे, स्नायू किंवा सांध्यांचे दुखणे असल्याचे दिसले. हे सर्व रुग्ण फायब्रोमायल्जियाचे नव्हेत. संधिवात, थायरॉइडचे विकार, ‘ड’ जीवनसत्त्वाची कमतरता यांतही अंग ठणकते. म्हणून आधी नेमके निदान हवे.

निदानाचे निकष काळानुसार बदलले. अमेरिकन कॉलेज ऑफ ऱ्हुमॅटॉलॉजीच्या 1990 च्या निकषांत शरीरावरील 18 ठरावीक बिंदू दाबून पाहत. त्यांपैकी 11 दुखले तर निदान पक्के होई. 2010 मध्ये ही पद्धत मागे पडली आणि 2016 मध्ये नव्या निकषांत सुधारणा झाली. आता शरीराच्या 19 भागांपैकी किती भाग दुखतात ते मोजतात आणि थकवा, झोप, स्मरण व इतर लक्षणांना 12 पैकी गुण देतात. किमान 7 भाग आणि 5 गुण, किंवा 4 ते 6 भाग आणि 9 गुण असावे लागतात. वेदना शरीराच्या पाचपैकी किमान चार विभागांत पसरलेली असावी, ही अटही आहे.

या विकारात स्नायू फाटलेला किंवा सांधा झिजलेला नसतो. बिघाड असतो तो वेदनेचे संदेश हाताळणाऱ्या मज्जासंस्थेत. निरोगी माणसाला नुसता स्पर्श वाटेल एवढ्या दाबानेही रुग्णाला दुखते. हे ढोंग नाही. 2002 मध्ये मेंदूचे कार्य टिपणाऱ्या एमआरआय चित्रणातून दिसले, की इतरांच्या तुलनेत निम्म्याच्या आसपास दाब देऊनही रुग्णांच्या मेंदूतील वेदनेची केंद्रे तेवढीच उद्दीपित होतात. झोपेचाही यात हात असतो. हार्वे मोल्डोफ्स्की यांनी 1975 मध्ये निरोगी स्वयंसेवकांची गाढ झोप मुद्दाम मोडली, तेव्हा त्यांनाही अंगदुखी आणि थकवा जाणवू लागला.

दुखते म्हणून रुग्ण हालचाल टाळतो, हालचाल कमी झाल्याने स्नायू दुबळे होतात आणि मग थोड्या श्रमानेही अधिक दुखते. भौतिकोपचार म्हणजे फिजिओथेरपी हे चक्र इथेच तोडते. युरोपीय संधिवात संघटनेने 2017 मध्ये प्रसिद्ध केलेल्या शिफारशींत अनेक औषधे आणि उपचार तपासले गेले. त्यांपैकी ठाम शिफारस मिळाली ती फक्त व्यायामाला.

व्यायामाची मात्रा मात्र औषधासारखी ठरवावी लागते. सुरुवात रुग्णाला सहज झेपेल त्याच्याही थोडी खाली करतात: पाच ते दहा मिनिटे सपाट रस्त्यावर चालणे, तेही बोलता येईल इतक्या वेगाने. हे अंगवळणी पडले की दर आठवड्याला एक-दोन मिनिटे वाढवत 20 ते 30 मिनिटांपर्यंत जातात. पुढे आठवड्यातून दोनदा हलक्या वजनाचे किंवा रबरी पट्ट्यांचे व्यायाम जोडतात. कोमट पाण्यात शरीराचा भार हलका होतो, म्हणून फार दुखणाऱ्यांना पाण्यातील व्यायाम सोपे जातात. 2018 मध्ये 226 रुग्णांवर झालेल्या अभ्यासात ताई ची हा संथ व्यायामप्रकार एरोबिक व्यायामाइतकाच किंवा त्याहून अधिक उपयोगी ठरला. पहिल्या काही आठवड्यांत दुखणे थोडे वाढू शकते. अशा वेळी व्यायाम बंद करत नाहीत, मात्रा एक पायरी खाली आणतात.

शेक, मालिश किंवा त्वचेवर सौम्य वीजस्पंदने देणाऱ्या टेन्स यंत्राने तात्पुरता आराम पडतो आणि त्या आरामाच्या बळावर व्यायाम सुरू करता येतो. मशीन लावून घरी जाणे एवढाच उपचार असेल, तर स्नायूंची ताकद वाढत नाही.

ठाण्याच्या वागळे इस्टेटसारख्या भागात या उपचाराला कामाच्या वेळापत्रकाशी जुळवून घ्यावे लागते. 1962 मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या कामाचा आरंभ इथेच झाला. आज इथे कारखान्यांत पाळीत उभे राहून काम करणारे कामगार आहेत आणि आयटी पार्कमध्ये तासन् तास संगणकापुढे बसणारे कर्मचारीही. या कामांमुळेच फायब्रोमायल्जिया होतो असे नाही; पण एकाच स्थितीत राहणे, बदलत्या पाळ्यांमुळे मोडणारी झोप आणि गर्दीच्या लोकलचा प्रवास यांनी त्रास वाढतो. ‘दिवसभर उभाच असतो, आणखी व्यायाम कशाला?’ हा प्रश्न इथे नेहमीचा. एका जागी उभे राहण्याने स्नायू ताणलेले राहतात. चालताना ते आळीपाळीने आवळतात आणि सैल होतात, श्वास व रक्ताभिसरण सुधारते. म्हणून उभ्याने केलेले काम व्यायामात धरता येत नाही.

दर अर्ध्या तासाने दोन मिनिटे उठणे किंवा स्थिती बदलणे, सुट्टीच्या दिवशी रायलादेवी तलावाच्या किंवा उपवनच्या काठी फेरी, पावसाळ्यात इमारतीच्या आवारात किंवा मार्गिकेत चालणे, हे या भागात जमण्यासारखे आहे. बरे वाटले की रविवारी आठवड्याची सगळी कामे उरकायची आणि सोमवार-मंगळवार अंथरुणावर काढायचे, ही सवय मात्र मोडावी लागते. कामाचे तुकडे करून मध्ये विश्रांती घेणे हाही भौतिकोपचाराचाच भाग आहे.

प्रिगॅबालिन, ड्युलोक्सेटिन यांसारखी औषधे काहींना उपयोगी पडतात; ती डॉक्टरच्या सल्ल्यानेच घ्यावीत. नुसत्या पेनकिलरचा फारसा फायदा होत नाही. झोपेची ठरलेली वेळ आणि गरज भासल्यास मानसोपचाराची जोड उपयुक्त असते. सांध्यांना सूज, ताप, वजन घटणे किंवा हातापायांतील ताकद जाणे ही लक्षणे दिसली तर व्यायाम थांबवून आधी तपासणी करावी.

फायब्रोमायल्जियाने सांधे वाकडे होत नाहीत आणि जिवालाही धोका नसतो. तो समूळ बरा करणारा उपाय आज उपलब्ध नाही. पण नियमित, मोजक्या व्यायामाने वेदना कमी होते, झोप सुधारते आणि रोजची कामे पुन्हा जमू लागतात. परिणाम दिसायला बहुधा दोन-तीन महिने लागतात. तेवढा काळ व्यायाम सोडू नये, हाच या उपचारातला सर्वांत महत्त्वाचा नियम.